हात मागं

एप्रिल म्हणजे माझा हंगाम.
देगलूर रोडवरच्या दुकानात
कूलरच्या उघड्या जाळ्या रांगेनं उभ्या,
वाळ्याचा भुसा नाकातोंडात,
आणि फोनवर कुणीतरी ओरडतंय,
जणू सगळ्या उदगिरात
त्याच्या एकट्याच्याच घरात ऊन शिरलंय.

दुपारी जेवायला घरी गेलो तर
मन्मथ ओसरीवर मांडी घालून.
समोर दोन फुलपात्रं, पितळेचा इवला तांब्या,
तांब्यात पाणी.
पाणी!
नळ येऊन नऊ दिवस झाले होते.
माझा हात पुढं गेलाच.
"हात मागं," महानंदा म्हणाली,
मला, बालवाडीतल्या आवाजात.

जानेवारीत ती लातूरला
आठ दिवसांचं प्रशिक्षण करून आली,
तेव्हापासून आमचं घर खाली उतरलंय.
खुंटी माझ्या गुडघ्याला लागते.
झाडणीचा दांडा अर्धा कापलेला.
आणि पेला काचेचा, खराखुरा.
"फुटला तर फुटू द्या.
जे फुटतच नाही
ते जपून धरायचं लेकरानं कशाला शिकावं?"
ती माँटेसरी म्हणते.
आई म्हणते मांडेसरी,
आणि विचारते, मांडे कधी करणार मग?

पंधरा दिवस ज्वारीच ओतली त्यानं,
ह्यातून त्यात, त्यातून ह्यात.
ज्वारी माफ करते. वेचून घेता येते.
पाणी आज पहिल्यांदा.
जीभ दातांत, दोन्ही हात तांब्याला,
पहिलं फुलपात्र भरलं,
दुसरं भरता भरता वाहिलं
आणि फरशीवरून उंबऱ्याकडं
आमचे नऊ दिवस ओघळत गेले.

मी पाठीमागं माझंच मनगट आवळून धरलं.
कुणी काही बोललं नाही.
आईसुद्धा नाही, ही नवलाई.
तो पाण्याकडं बघत राहिला,
मग उठला, खुंटीवरचं फडकं काढलं,
पुसलं, अंगणातल्या लिंबाच्या रोपावर पिळलं.
आठ थेंब. मी मोजले.
परत बसला.
ह्या खेपेला तांब्या
काठाच्या दोन बोटं खाली थांबला.
कुणी शिकवलं? पाण्यानंच.

मी सात वर्षांचा असताना रेडिओ उघडला होता.
"परत हात लावशील तर हात मोडीन,"
अण्णा म्हणाले. त्यांचंही खरं होतं,
रेडिओ उसना होता.
पुढं मी सगळं चोरून उघडलं,
न्हाणीत, माळवदावर,
तोंडात स्क्रू धरून.
आजही कामाला बसलो
आणि मागं कुणी उभं राहिलं
की माझ्या हातून पाना निसटतो.

दुपारभर चिंच फोडणं चालतं.
आईचा बत्ता पडतो, टरफलं उडतात,
मन्मथ चिंचोके वेगळे करतो.
दहा दहाचे ढीग,
आणि प्रत्येक ढिगाला एक जास्तीचा.
"हा कोण रे?"
"हा पाहुणा."
मी चूक सांगायला तोंड उघडलं
आणि पाणी पिऊन मिटलं.

माझ्याकडं देण्यासारखं काय?
दुकानातला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर होता,
तो कापून पुठ्ठ्यावर अक्षरं चिकटवली:
म, न, थ.
थ जरा लंगडा झाला.
महानंदानं बोट फिरवून बघितलं,
म्हणाली, चालतोय की.
तिच्या तोंडून हे पदक समजायचं.

रात्री लाईट गेली.
गावातले सगळे कूलर एकदम गप्प,
माझे दुरुस्त केलेले आणि न केलेले.
गच्चीवर अंधारात पुठ्ठ्यावरून
बोट फिरल्याची खरखर.
म. परत म.
मग ते बोट पुठ्ठ्यावरून उतरलं
आणि माझ्या तळहातावर आलं,
घट्ट्यांवरून, भाजल्याच्या जुन्या खुणेवरून
हळूहळू पुढं सरकलं.
"बाबा, इथंबी अक्षर हाय का?"

सांगणारच होतो काहीतरी.
अंधारातही मला तिची नजर कळली.
"बघ शोधून," म्हणालो,
आणि हात तसाच उघडा ठेवला.