नीरपाणीचा राज्यकारभार

नीरपाणी हे नाव आदाप्पानं ठेवलं.
नीर त्याच्या शाळेतलं, पाणी माझ्या.
दोन शाळांत एकच भिंत होती
आणि भिंतीत भोक, डस्टर जाईल एवढं.
निपाणी जवळच, त्यामुळं नाव ऐकून
कुणाला संशय आला नाही
की आम्ही देश काढलाय.

तंबाखूच्या वखारीतली जुनी वजनवही,
मागची पानं कोरी.
तिथं बेट, उसाच्या कांडीसारखं लांबट,
चारी बाजूंनी दूधगंगा.
इतिहास: पहिली राणी कासव होती.
दुसऱ्या राजानं मुकुट विकून
भुईमुगाच्या शेंगा घेतल्या,
त्याला अजून मान आहे.
लढाया: एक.
कशावरून ते आठवत नाही.

मी भाषामंत्री.
व्याकरण सोपं निघालं.
दोन्हीकडं क्रियापद शेवटीच येतं,
म्हणून पहिला कायदा हाच केला:
वाक्य पुरं ऐकल्याबिगर
कुणी कुणावर हात उगारायचा नाही.

शब्दकोशात मात्र अडलो.
हाल. तो म्हणाला, दूध.
माझी आई म्हणाली, हाल व्हय, ते आमचे.
आम्ही लिहिलं: दोन्ही, रोज सकाळी.
गडी. माझ्याकडं खेळातला भिडू,
त्याच्याकडं सरहद्द.
यावर मंत्रिमंडळ तीन दिवस बसलं
चिंचेखाली, मीठ घेऊन.
हुसेनबी कुठल्याच शाळेत नव्हती, शेरडं राखायची,
तिच्याकडं खजिना होता: एकवीस गोट्या, एक फुटकं भिंग.
ती म्हणाली, लिवा की,
गडी जिथं थांबून वाट बघतो
ती गडी.
बा हा शब्द पुढच्या बैठकीत घ्यायचा ठरला.

बैठक झाली नाही. नदी आली,
खरोखरच चारी बाजूंनी.
दोन्ही शाळांवर स्लॅब एकच.
त्यावर सगळी वरची गल्ली, नऊ शेळ्या,
एक शिलाई मशीन, आणि चेअरमनचा टीव्ही
गोधडीत गुंडाळलेला, बाळंतिणीसारखा.
राज्य आपोआप चुलीकडं गेलं.
जिच्याकडं कोरडी काडेपेटी ती राणी.
गंगव्वा दोन दिवस राणी होती,
तिला कुणी सांगितलं नाही.

आदाप्पाचा बाप म्हशी सोडायला गेलेला.
रात्रभर हा कठड्याला धरून
अंधारात ओरडायचा, बा, बा.
तो म्हणत होता, ये.
मला ऐकू येत होतं, बाप.
मी भाषामंत्री असून
दुरुस्ती केली नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताना
म्हशीच्या शेपटाला धरून आला त्याचा बाप,
खोकत, अंगभर जलपर्णी,
आणि वर चढल्या चढल्या विचारतो काय,
ऊटा आतेनु?
जेवला का रे.

दुपारी बोटीतून साहेब आले, रजिस्टर घेऊन.
नाव. माणसं किती. मातृभाषा.
सगळे आपापलं सांगत होते, जरा मोठ्यानंच.
हुसेनबी शेळी काखेत मारून पुढं सरकली,
म्हणाली, नीरपाणी.
साहेबानं चष्मा पुसला आणि
भाषेच्या रकान्यात लिहिलं, निपाणी.
कुठल्यातरी कचेरीत ते अजून असेल.

वजनवही वाळवली आम्ही, पण शाई फुटून
नदी बेटावर चढलेली.
राजधानी वाचता येत नाही.
कासव राणीचा एक पाय तेवढा दिसतो.

आता आदाप्पा कारखान्याला ऊस ओढतो.
मागच्या दोन ट्रॉल्यांसकट
आमच्या दारावरून जाताना हॉर्न देतो,
दोन आखूड, एक लांब.
ते आमचं राष्ट्रगीत.
सून म्हणते, हा माणूस
रिकाम्या रस्त्याला कशाला वाजवतो.

मी काही बोलत नाही.
चुलीपुढनं उठून उभी राहते,
हाताला पीठ तसंच,
तो वळणापल्याड जाईस्तोवर.
एखादी भाकरी करपते.