नमुना क्रमांक सतरा

मार्चअखेर मलप्रभा घोट्याएवढी होते,
तेव्हा असोग्याच्या खाली आम्ही तिच्यात नळी ठोकतो.
पीव्हीसीची, चार इंची,
खानापुरात सांडपाण्याच्या सामानाच्या दुकानातून घेतलेली.
दुकानदार म्हणाला, बोअर मारुलालासा काय?
होय म्हटलं. सोपं होतं तेच सांगणं.

घण लुमाण्णा गावड्यांचा.
चाळीस वर्षं कौलांच्या कारखान्यात होते;
भट्टी थंड झाली, हात अजून नाहीत.
प्रत्येक घावाला नदी थोडी आत जायची,
मग नळीचं तोंड बंद करून, उपसून,
उभीच ठेवायची. आडवी केली की
वर्षं एकमेकांत मिसळतात.

बेळगावच्या बसमध्ये मी तिला मांडीशी धरून बसले,
ओल्या गोणपाटात, तान्ह्या पोरासारखी.
कंडक्टर म्हणाला, येनिदु?
होळे, म्हटलं. नदी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं,
आणि अर्धं तिकीट काढलं.

ब्याऐंशी सेंटिमीटर.
तारेनं उभी चिरली तेव्हा प्रयोगशाळेत
आमच्या परड्यातल्या विहिरीचा वास आला.
वरचं बोटभर काळं, त्यात निळ्या दोऱ्याचा तुकडा,
शाम्पूच्या पुडीचा कोपरा, अजून चमकणारा.
मग राखाडी, राखाडी, राखाडी.
एकोणीसवर अचानक जाडी वाळू,
कुठल्यातरी पुरानं घाईत टाकलेली.
आणि सदतीसवर
एक तांबडी रेघ,
सुरीच्या पात्याएवढी.

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, जांभा असणार,
वर जंगल तुटलं असेल त्या साली.
मीही तसंच लिहिलं. पेन्सिलीनं.

पुढच्या फेरीला चिमूटभर कागदात बांधून नेली.
लुमाण्णांनी बघितली नाही,
जिभेवर ठेवली.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थुंकले.
'डोंगराची न्हवं ही.
डोंगराच्या मातीत खडा असतोय.
ही चाळणीतनं गेलेली हाय, मळलेली हाय. खरं भाजायची राहिली.'

मळणीचा हौद रात्री फुटला होता म्हणे.
सगळा चिखल ओढ्यातून नदीत.
तीन दिवस तांबडं पाणी,
धुणी घेऊन गेलेल्या बायका धुणी घेऊनच परतल्या.
मालकानं आठवड्याची मजुरी कापली
आणि कुणी काही लिहून ठेवलं नाही.

'माझं लगीन होतं त्या दिवशी.
वऱ्हाड पलीकडचं. उतारातनं चालत आलं.
रेणव्वा गुडघ्यापर्यंत तांबडी.
लोक म्हणाले, बघा की, नदीनंच आळता लावलाय.
त्या लुगड्याचा काठ काही निघाला नाही,
गोधडीत घातला शेवटी.'

कोणतं साल?
ते त्यांना येत नव्हतं.
नागो जन्मायच्या आधी पावणेदोन वर्षं.
नागो आता म्हापशाला वेल्डिंग करतो.
मी तिथेच उभी राहून फोन लावला,
त्याची जन्मतारीख विचारली.
तो म्हणाला, कशाला? कर्जाबिर्जाचं आहे काय?

सूक्ष्मदर्शकाखाली खरंच खडा नव्हता.
पिठासारखी एकसारखी माती.
शिशावरून काढलेलं वय पुण्याहून चार महिन्यांनी आलं:
अधिक उणे सहा वर्षं.
त्या बारा वर्षांच्या आत कुठेतरी
रेणव्वा पाण्यात पाय टाकत होती.

तक्त्यात एक रकाना असतो,
'वयनिश्चितीची पद्धत'.
त्यात मी काय लिहिलं ते मॅडमनी खोडलं,
पण हळू खोडलं, वाचता येईल असं.

नळी उपसली तिथं भोक पडलं होतं, हातभर खोल.
दुसऱ्या दिवशी बघायला गेले तर
नदीनं बुजवलेलं.
कशानं,
ते मोजलेलं नाही.