कंसातल्या टाळ्या

महाप्याच्या एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यामागे
आमचा तिसरा मजला. इथे सकाळचे साडेसहा झाले
की अमेरिकेत रात्रीचे नऊ वाजतात
आणि लोकशाही पावडर लावून बसते.

माझं काम सोपं आहे.
तिकडचा माणूस बोलतो, मशीन ऐकतं,
अक्षरं पडद्याच्या तळाशी सरकवतं.
मशीनला जे कळत नाही ते मी लिहिते.
मशीनला टाळ्या कळत नाहीत.
मी कंस उघडते, लिहिते टाळ्या, कंस मिटते.
हाताला हात न लावता आजवर किती वाजवल्या
हिशेब नाही. हशा वेगळा. घोषणाबाजी वेगळी.
(अस्पष्ट) हा शब्द मात्र जपून वापरायचा,
भोसेकर सर म्हणतात,
नाहीतर अख्खं भाषण त्यात जाईल.

परवा एका उमेदवाराने जत्रेत मक्याचं कणीस खाल्लं.
आडवं धरून.
पावणेतीन तास आठ चौकटींतली आठ माणसं
त्या कणसावर बसली होती.
निवृत्त जनरल म्हणाला, पकडीत निर्धार दिसला.
एक बाई म्हणाल्या, लोणी हनुवटीवर ओघळलं,
हे मध्यमवर्गाला भावेल.
मधेच कुठल्याशा देशातलं युद्ध आलं, चाळीस सेकंद.
मग पुन्हा कणीस.

ब्रेकिंग न्यूज अकरा तास तुटतेच आहे.
घणसोलीत पाइप तुटला
तर चार तासांत खड्ड्यात माती लोटून मोकळे होतात.

पेनसिल्व्हेनियाचे सदुसष्ट जिल्हे मला पाठ आहेत.
कुठल्या गावातल्या सुतारांची मतं फिरतात,
कुठल्या उपनगरातल्या बायकांचं अजून ठरत नाही.
माझा स्वतःचा वॉर्ड नंबर
मला मागच्या महिन्यात पाणीपट्टीच्या बिलावर सापडला.

एकदा मशीन चुकलं.
निवेदक गहिवरून म्हणाला, द नेशन इज वॉचिंग.
मशीनने लिहिलं, द नेशन इज वॉशिंग.
दोन सेकंद मी बोट हवेत धरलं
आणि जाऊ दिलं.
साऱ्या देशाने धुणं काढलं.
एकाचीही तक्रार आली नाही.

आज निकाल.
नकाशापुढचा माणूस बाह्या सरसावून
एकेक जिल्हा बोटाने फुगवतो, तव्यावरच्या फुलक्यासारखा.
आत्ताच काही सांगणं घाईचं ठरेल,
हे सांगायला त्याला सहा तास लागले.

साडेबाराला शिफ्ट सुटली. गाडीवर दामाजी भोईर, गोठिवलीचे.
आरशातून विचारतात, "कोन आला गो?"
"अजून नाही, काका."
"मंग ब्यानर कसा लागला?"

रबाळे नाक्यावर खरंच लागलाय.
महासत्तेच्या अध्यक्षपदी विराजमान झाल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!
शुभेच्छुक एकतीस, सगळे गॉगल लावून,
मधला फोनवर बोलतोय.
अध्यक्ष खाली उजवीकडे, पासपोर्ट साइज,
फ्लेक्सवाल्याच्या मोबाइल नंबरशेजारी.

"दुसऱ्याचा पन छापून ठेवलाय," काका गिअर टाकतात.
"जो हरंल त्याचा उलटा करून
जयेंद्रचे कोंबरीचे दुकानावर टाकाचा.
पत्र्याला भोक परलंय."

म्हणजे तिकडे एक माणूस रात्री उशिरा
भरल्या डोळ्यांनी पराभव मान्य करणार,
बायकोचा हात धरून,
आणि इकडे पुढची चार वर्षं
जाळीतल्या कोंबड्यांकडे वरून हसत राहणार,
एक अंगठा उंचावून.
त्याही मान वाकडी करून बघतील.
त्यांना कुठे यादीत नाव शोधायचंय.

सिग्नल सुटत नाही.
मागून कोणीतरी हॉर्न दाबून धरलाय.
मांडीवरच्या पर्सवर माझी बोटं
सवयीने कंस उघडतात