बावीस की तेवीस

नझीर रक्त आणतो थर्माकोलच्या डब्यात.
बर्फ घालायचा नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलेलं:
गारठ्यात या पेशी रुसतात.
चार नळ्या, हिरवी बुचं,
वर चिकटपट्टी: ०४७, भेट अकरावी.

नाव मला ठाऊक असायला नको.
पण गेल्या मार्चात लिफ्ट बंद होती,
आणि परळच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
दम खात एकाने विचारलं,
"बाई, ते सत्तेचाळीस नंबर तुम्हीच बघता का?"
गोदीत क्रेन चालवलेली बोटं
कठड्यावर घट्ट.
"माझे शिपाई लढतात का अजून?"

मी म्हटलं, समुपदेशक दुसऱ्या मजल्यावर बसतात.

गरगर फिरून रक्त थरांत बसतं.
लाल तळाशी, पिवळं वर,
मध्ये सायीइतकी एक धूसर कडा.
तेवढीच हवी.
पिपेट तिरकी धरून, श्वास रोखून उचलायची.

मग शहाण्णव खळगे.
एकेकात दोन लाख पेशी
आणि विषाणूच्या प्रथिनाचा कातरलेला तुकडा,
फरार माणसाचा सदरा
पोलिसांच्या कुत्र्याला हुंगायला द्यावा तसा.
काही खळग्यांत काहीच घालायचं नाही.
तिथे शांतता दिसलीच पाहिजे.

सदतीस अंशांवर रात्रभर.
मी काळाचौकीला घरी जेवत असते
आणि इकडे अंधारात
ज्याने ओळखलं तो ओरडतो.
ओरडला तिथे सकाळी, रंग घातल्यावर, ठिपका:
निळा-जांभळा, कडेला विरलेला.

पहिल्या भेटीत तीनशे चौदा होते.
मग गोळी सुरू झाली. रोज एक. चुकवली नाही त्याने.
दोनशे. नव्वद. एकेचाळीस.
ही उतरण पाहून कुणीही घाबरेल.
त्याला कसं सांगू,
चोर वर्षानुवर्षं फिरकला नाही की
गुरखाही काठीला टेकून डुलकी घेतो,
आणि ही डुलकी बरी की वाईट
हेच तर आम्ही मोजतोय.
ठाऊक असतं तर मोजलं नसतं.

आज यंत्र म्हणतं तेवीस.
मी भिंगाखाली पुन्हा बघते. ई रांग, सातवा खळगा:
एकाची कड विरत नाही.
ठिपका नव्हे तो, कापसाचा तंतू.
बोट जरा थांबतं.
एक शिपाई जास्त लिहिला तर
कुणाचं काय जाणार होतं?

खोडते. बावीस.
खाली सही, तारीख.
लिफ्ट चालू आहे आज.
मी तरी जिन्यानेच उतरते.