प्रूफ

शहात्तर साली वेंगुर्ल्याच्या छापखान्यात
मी खिळे जुळवायचो.
दिवाळी अंकाला धुरी मास्तरांची कथा होती.
तिच्यातली आवडू जीपमागं धावायची,
नवरा आत, शिबिराकडं नेलेला,
हातात सुरमईची सुरी, तोंडात शिव्या.

रत्नागिरीहून प्रूफं आली.
जीप खोडलेली. नवराही.
समासात हिरवी शाई :
स्त्री सोशिक, हसतमुख असावी.

मास्तरांनी दोन रात्री जागून
तिला हसवलं.
दारात तुळस, दोन मुलं, बस्स.
सुरी तेवढी राहिली,
काय कापायचं ते न सांगता.

मी शिव्या सोडवून खिळे परत टाकले,
ज ज-च्या खणात, भ भ-च्या.
बोटं काळी झाली, रोजच्याइतकीच.

अंक निघाल्यावर बंदरावर
तांडेलांच्या यशोदेला वाचून दाखवला.
जीप तिचीच होती.
बांगड्यांना मीठ चोळत तिनं शेवटापर्यंत ऐकलं.
"बाय बरी आसा," म्हणाली,
"पण हिका शिवी येना नाय?"
आणि एक हासडली,
खाडीपलीकडं जाईल अशी.

मी ती तोंडात घोळवत छापखान्यात आलो.
दिवा लावला नाही.
कुठल्या खणातून काय उचलायचं
ते बोटांना पाठ होतं.