रवडू

"खडू" मला "रवडू" दिसायचा
दुसरीत असताना.
र वेगळा, व वेगळा,
आणि मधल्या फटीतून अख्खा वर्ग हसायचा.

सातपूरच्या मनपा शाळेत, जिन्याखाली,
झाडू-बादल्यांच्या शेजारी
गांगुर्डे बाईंनी सतरंजी टाकली.
प्रार्थनेआधी वीस मिनिटं, रोज.
आम्ही पाच जण.

कुणाच्याशा लग्नपत्रिकेला त्यांनी
ब्लेडने खिडकी कापली होती,
एका वेळी एकच शब्द मावेल एवढी.
"बाकीची ओळ कुठे पळत नाही," म्हणायच्या,
"तू आधी ह्याला भेट."
घ ला पुरतं छप्पर, ध चं गळकं,
चिंचोक्यांचा काना, चिंचोक्यांची मात्रा.
दिवाळी ते होळी. इतकंच.

आता द्वारकेजवळच्या मेडिकलात
रात्रपाळी करते.
डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात,
तरी घाबरत नाही, तोडते.
मेट. फॉर. मिन.
अंगठा आणि तर्जनी आपोआप
चिठ्ठीवर खिडकी करतात.
गिऱ्हाइकाला वाटतं, फार काळजीची बाई.
तेही खरंच.

हिरामण तेव्हा चौथीत.
सतरंजी फक्त पहिली-दुसरीची,
पुढच्यांसाठी बाईंना ना वेळ मिळाला ना मंजुरी.
तो पायरीवर बसायचा
माझं दप्तर मांडीवर घेऊन.
माझ्याहून हुशार. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ.

आज पिंपळगावहून द्राक्षांची पिकअप आणतो.
गावं त्याला वळणांनी माहीत, पाट्यांनी नाही.
नोटीस आली की फोटो पाठवतो, "वाच गं."
मी बोलून पाठवते.
आम्ही दोघंही ह्याला वाचणं म्हणत नाही,
ख्यालीखुशाली म्हणतो.

परवा लेकीला सोडायला गेला होता.
रेणू पहिलीत. तीही रवडूच म्हणते.
जिना तोच, सतरंजी नवी, बाई नव्या,
चार पोरं माना खाली घालून.
हा बाहेर, दप्तर छातीशी.

रात्री त्याचा आवाज आला फोनवर,
मागे कुणाचा तरी रिव्हर्सचा हॉर्न.
आधी खोकला, मग नुसता श्वास, मग,
"अगं, किती वयापर्यंत घेतात तिथे?"

तीनदा ऐकलं.
उत्तर टाइप करायला लागले,
आणि कुणाला लिहितेय ते आठवून पुसलं.

गल्ल्याखाली एक जुनी पत्रिका सापडली.
ब्लेड काय,
दुकानात विकायलाच असतं.