विसार

सूरतशाचा माणूस अवसेला आला,
मानिकशाचा त्याच्या तिसऱ्या दिवशी.
मागणं दोघांचं एकच:
चाळीस हात पागोटं, कुसुंबी रंग,
काठाला जर, पदराला मोर.
विसार म्हणून दोघांनीही
सात-सात मोहरा ठेवल्या मागाच्या खड्ड्याकाठी.

आडकू कोष्टी म्हणाला, बरं.
दोन्ही वेळा बरंच म्हणाला.
नाही म्हणायची सोय
त्या काळी नागपुरात कोष्ट्याला नव्हती.

भागी ताण्याला खळ लावत होती,
कोपरापर्यंत पांढरी.
ती म्हणाली, गादी एक, माग एक,
दोन कायले विनतं?
एकच विन. जो जित्ता राहीन, तो नेईन.

माप घ्यावं लागलं नाही.
म्हातारा राजा होता तेव्हा एका दसऱ्याला
दोन्ही पोरांची डोकी आडकूनंच मोजली होती सुतानं.
सूत दोन्ही वेळा एकाच ठिकाणी आलं.
धाकटा मानिक तेव्हा रडला होता,
भावापेक्षा एक बोट तरी मोठं लिहा म्हणून.
आडकूला लिहिता येत नव्हतं.
त्यानं सुताला उगीच
एक गाठ जास्त मारून दाखवली.

पौषात लढाई झाली,
नाग नदीच्या पलीकडे, एका शेतात.
जवस निळ्या फुलावर होतं.
आडकूनं पाहिलं काहीच नाही. तो खड्ड्यात होता,
कमरेपर्यंत जमिनीत, पाय पावड्यांवर,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
नगारा वाजला की हात चुके.
मोराच्या मानेत दोन धागे चुकले
ते पुढं कुणाला दिसले नाहीत.

दुपारी जे कळलं ते
रेड्यावर पखाल घेऊन गेलेल्या झिबलकडून.
मानिकशा जिंकत होता.
मग त्याच्या हत्तीचा तंग तुटला, अंबारी कलली,
तो उतरला. नुसता उतरला,
माहुताला हात द्यायला.
मागच्या फौजेला दिसली रिकामी अंबारी.
राजा पडला, कुणीतरी ओरडलं,
आणि सहा हजार माणसं
जवस तुडवत घराकडे पळाली.
तो हाका मारत होता म्हणे.
एकेकाला, नावानं.
मग समोरून भाऊ आला.

संध्याकाळी सूरतशाचा माणूस पागोटं घेऊन गेला.
बाकी दिली. वर नारळ दिला.
उंबऱ्यात थांबून सांगितलं,
शेतातल्या त्याला कुणी हात लावायचा नाही,
तीन दिवस. हुकूम आहे.

रात्री भागीनं दिवा लावला नाही.
त्या सात मोहरा ओट्यावर मांडल्या.
याचं काय, म्हणाली.
आडकू म्हणाला, मेला ना तो.
ती म्हणाली, विसार मरते का?

ताण्याचं शेपूट उरलं होतं मागावर,
साडेसात हात.
कुसुंबी सूत संपलेलं, म्हणून बाणा पांढराच घातला.
फणी हळू मारली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशी.
धड लाल नाही, धड पांढरं नाही,
असं काहीतरी पहाटेपर्यंत निघालं,
आणि ते भागीच घेऊन गेली.

परत आली तेव्हा घोट्यापर्यंत चिखल,
लुगड्याला जवसाची बोंडं.
आडकूनं विचारलं नाही.
चूल पेटवता पेटवता तीच म्हणाली,
डोकं अजून तेवढंच आहे.

हुकूम मोडल्याचं पुढं काय झालं
ते आमच्या घरी सांगत नाहीत.
तिथं आजी नेहमी उठायची, पाणी प्यायची.

आता गोळीबार चौकामागे आमचे दोन पॉवरलूम आहेत,
एक बंद.
ते शेत कुठल्या लेआउटात गेलं, कोण जाणे.
पण कुणी विसार द्यायला आलं
की बाबा नोटांना लगेच हात लावत नाहीत.
आधी त्या माणसाच्या डोक्याकडे बघतात,
जरा जास्तच वेळ,
म्हणजे समोरचा ओशाळून
केसांवरून हात फिरवतो.